लंडन ते टोकियो: जाताना २३ तास, येताना साडेपाच?

कोपऱ्यातला

भाचीला शाळेत भूगोलाचा प्रकल्प आहे. एकमेकांपासून लांबची दोन शहरं निवडा, त्यांच्यातलं अंतर लिहा, विमानाला लागणारा वेळ लिहा आणि त्यावरून विमानाचा वेग काढा. तिने लंडन आणि टोकियो निवडलं. वेळापत्रक तिनेच शोधलं. लंडनहून सकाळी ११ ला निघणारं विमान टोकियोला दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला पोचतं, म्हणजे २३ तास. परतीचं विमान टोकियोहून रात्री १ ला सुटतं आणि त्याच तारखेला सकाळी साडेसहाला लंडनला उतरतं, म्हणजे साडेपाच तास.

मग बाईसाहेबांनी अंतर ९६०० किमी धरून भागाकार केला. जाताना वेग ताशी ४१७ किमी, येताना ताशी १७४५ किमी. "मामा, येताना उतार लागतो का?" हा तिचा प्रश्न.

वेळेच्या पट्ट्यांचा घोटाळा आहे एवढं मला कळतं. पण खरी अडचण पुढेच आहे. अंतर शोधायला गेलो तर एका ठिकाणी ९५६० किमी, दुसरीकडे ९६०० च्या वर, आणि विमानांचा माग दाखवणाऱ्या एका ठिकाणी ११ हजारांच्याही पुढे. वेळेचंही तसंच. कुठे पावणेबारा तास, कुठे चौदा, कुठे साडेचौदा. यातलं खरं कुठलं? तक्त्यात चौकट एकच आहे हो.

घड्याळजी

उतारावर जाम हसलो. भाचीला शाबासकी द्या, चुकीच्या उत्तरावरून बरोबर शंका काढलीय तिने.

घड्याळाचा भाग मी सोडवतो. टोकियो लंडनच्या ९ तास पुढे, हे हिवाळ्यात. उन्हाळ्यात लंडनची घड्याळं एक तास पुढे सरकतात, जपानची सरकत नाहीत, त्यामुळे फरक ८ तासांचा होतो. तुमच्या वेळा हिवाळ्याच्या धरू. लंडनला सकाळचे ११ वाजतात तेव्हा टोकियोत रात्रीचे ८ वाजलेले असतात. तिथून दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत १४ तास. परतीला रात्री १ ते सकाळी साडेसहा हे साडेपाच तास, त्यात ९ मिळवा, साडेचौदा.

आता २३ आणि साडेपाच यांची सरासरी काढा. सव्वाचौदा! जाताना पुढे आलेले ९ तास येताना मागे जातात आणि हिशेब चुकता होतो. कुठल्याही दोन शहरांसाठी ही युक्ती चालते. जायच्या आणि यायच्या वेळेची नुसती वजाबाकी करा आणि सरासरी घ्या, वेळेचे पट्टे पाठ नसले तरी अडत नाही.

कोपऱ्यातला

अरे वा, हे सुटलं. पण मग जाताना १४ आणि येताना साडेचौदा हा अर्ध्या तासाचा फरक का? आणि पावणेबारा तास कुठून आले?

नकाशेबाज

वेळेकडे वळण्याआधी अंतराचं बघू या, नाहीतर सगळंच एकमेकांत अडकेल.

९५६० हे शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत. लंडनचा अक्षांश ५१.५ उत्तर, टोकियोचा ३५.७ उत्तर, रेखांशातला फरक सुमारे १३९.८ अंश. गोलावरच्या त्रिकोणमितीच्या सूत्रात हे आकडे घातले की पृथ्वीच्या केंद्राशी दोन्ही शहरांमधला कोन जेमतेम ८६ अंश येतो. एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किमी. गुणाकार केला की ९५६० च्या आसपास. ही त्रिज्या ६३७१ किमी धरलेली गुळगुळीत, गोल पृथ्वी.

खरी पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. विषुववृत्ताची त्रिज्या ६३७८, ध्रुवाकडची ६३५७. तो चपटेपणा धरला की आकडा थोडा हलतो. त्यात विमानं शहराच्या चौकातून उडत नाहीत, हीथ्रो विमानतळ लंडनच्या पश्चिमेला आहे. विमानतळ ते विमानतळ मोजलं की ९६०० च्या घरात जातं. म्हणजे तुमचे पहिले दोन्ही आकडे बरोबर, टोकं वेगळी धरली एवढंच.

गंमत म्हणजे टोकियोला दोन मोठे विमानतळ आहेत, हानेदा आणि नारिता. दोघांत साठेक किलोमीटरचं अंतर, पण हीथ्रोपासून दोन्ही जवळपास सारख्याच अंतरावर. विमानाला फरक पडत नाही, उतरल्यावर आगगाडीत बसणाऱ्याला पडतो.

आता भाचीला एक काम द्या. पृथ्वीगोलावर लंडन आणि टोकियोला दोरा ताणून धरायचा आणि तो कुठून जातो ते बघायचं.

कोपऱ्यातला

केलं. विश्वास बसेना म्हणून दोनदा केलं. दोरा नॉर्वेवरून वर चढतो, रशियाच्या पार डोक्यावर समुद्रात जातो आणि मग सैबेरियातून खाली येतो! भिंतीवरच्या नकाशात टोकियो लंडनच्या उजवीकडे आणि खाली आहे. खाली जायचं तर दोरा वर कशाला जातो?

नकाशेबाज

कारण भिंतीवरचा नकाशा सपाट आहे.

लंडनहून टोकियोला सर्वांत जवळच्या वाटेने निघायचं तर सुरुवातीची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे जेमतेम ३२ अंश, म्हणजे जवळजवळ ईशान्य. ही वाट चढत चढत सुमारे ७१ अंश उत्तरेपर्यंत जाते, कारा समुद्रावर, नोव्हाया झेमल्या बेटांच्या दक्षिण टोकाजवळ. मर्केटरच्या, म्हणजे भिंतीवरच्या त्या नेहमीच्या सपाट नकाशात ७१ अक्षांशावरचा भाग तिपटीहून जरा जास्तच ताणलेला असतो. म्हणून ती वाट नकाशावर भलामोठा बाक घेतल्यासारखी दिसते. बाक त्या नकाशात आहे, वाट सरळच आहे.

सरळमार्गी

माफ करा, पण हे मला नेहमी शब्दांचे खेळ वाटतात. नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती जर्मनी, युक्रेन, कझाकस्तान, चीन अशी जाते. कंपास एकाच दिशेला धरून त्या रेघेवरून गेलो तर टोकियोला पोचणार नाही का?

नकाशेबाज

पोचाल की. जुने खलाशी तसेच जायचे, दिशा बदलावी लागत नाही ही मोठी सोय होती. फक्त तुमच्या रेघेची लांबी मी आत्ता काढली, सुमारे ११,३०० किमी भरते. दोऱ्याची वाट ९५६०. पट्टीने १७०० किमी जास्त चालवलं तुम्हाला, जवळपास दोन तासांचं उड्डाण.

सरळमार्गी

नाव बदलायला हवं माझं.

खिडकीपाशी

या वाटेवर मी दोन वेळा गेलोय. २०१८ मध्ये गेलो तेव्हा समोरच्या पडद्यावर विमान खरंच सैबेरियावर दिसत होतं. खाली तासन् तास बर्फ, गोठलेल्या नद्या, दिवा एकही नाही. बारा तासांच्या आत उतरलो. गेल्या वर्षी पुन्हा गेलो तर पडद्यावर काळा समुद्र, मग कॅस्पियन, मग मध्य आशिया. चौदा तास. विमान कंपनी तीच, दोन्ही विमानतळ तेच.

शेजारच्या आजोबांनी परिचारिकेला विचारलं, "आपण रस्ता चुकलो का?" ती म्हणाली, "नाही, रस्ता बंद आहे."

पुशबॅक

आजोबांना मिळालेलं उत्तर अगदी नेमकं आहे. पावणेबारा आणि चौदा यांच्यातला फरक त्यातच आला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर ब्रिटनने रशियन विमानांना बंदी घातली, आणि रशियाने लगेच ब्रिटिश विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. जपानी कंपन्यांनीही रशियावरून जाणं थांबवलं. युक्रेनचं आकाश तर नागरी विमानांना बंदच आहे. आता लंडन-टोकियोच्या दोऱ्याचा बहुतेक भाग रशियावरून जातो, आणि रशिया एवढा रुंद की त्याला वळसा घालायचा म्हणजे एक तर खालून जायचं नाहीतर वरून.

खालची वाट म्हणजे तुर्कस्तान किंवा काळा समुद्र, कॉकेशस, कॅस्पियन, कझाकस्तान, चीन, कोरिया. ही ११ हजार किलोमीटरच्या पुढे जाते. तुम्हाला माग दाखवणाऱ्या ठिकाणी दिसलेला तिसरा आकडा हाच असणार, तो प्रत्यक्ष उडालेल्या वाटेचा असतो. वरची वाट टोकियोहून ईशान्येला, बेरिंगचा समुद्र, अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग, ग्रीनलंड, आइसलँड आणि लंडन. ती साधारण १२ हजार.

चिनी कंपन्यांना रशियाची बंदी नाही. त्यामुळे लंडनहून बीजिंगला जाणारी चिनी विमानं अजून सैबेरियावरूनच जातात. एकाच दिवशी, शेजारशेजारच्या गेटवरून निघालेली दोन विमानं पूर्वेकडच्या शहरांना वेगवेगळ्या वाटांनी जातात, त्यांच्या शेपटीवर कुठला झेंडा आहे त्यावर.

घड्याळजी

म्हणजे "लंडन ते टोकियो किती वेळ?" या प्रश्नाला "कोणाच्या विमानाने?" हा उलट प्रश्न विचारायला हवा.

पुशबॅक

आणि "कुठल्या साली?" हाही.

अजून एक. वेळापत्रकातले १४ तास हे हवेतले १४ तास नव्हेत. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून दुसऱ्या टोकाला गेटवर उभं राहून चाकांना अडणी लागेपर्यंतचा तो वेळ. आमच्याकडे त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. हीथ्रोसारख्या ठिकाणी धावपट्टीपर्यंत रांगत जायलाच पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. उतरतानाही गर्दी असली की शहराबाहेर घिरट्या. हीथ्रोच्या भोवती अशा घिरट्यांच्या चार ठरलेल्या जागा आहेत. हे सगळं अंदाजाने वेळापत्रकात धरलेलं असतं. म्हणून कधीकधी उशिरा निघालेलं विमान वेळेवर पोचतं आणि वैमानिक मोठेपणाने घोषणा करतो. त्यातला बराचसा वेळ आधीच राखून ठेवलेला असतो, पण ते सांगू नका कोणाला.

भाचीच्या भागाकारात ही गोम आहे. अंतर धावपट्टी ते धावपट्टी आणि वेळ गेट ते गेट, मग वेग नेहमी कमीच निघणार. मोठी जेट विमानं आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पट उडतात. त्या उंचीवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते, तिथे आवाजाचा वेग ताशी १०६० किमीच्या जवळ. म्हणून विमान साधारण ९०० ने जातं. ९६०० भागिले ९००, दहा तास चाळीस मिनिटं. त्यात चढणं, उतरणं, रांगणं, थोडी वाकडी वाट मिळवा, की जुने पावणेबारा तास आले.

चहाटळ

एक भाबडा प्रश्न. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मग टोकियोहून लंडनला, म्हणजे पश्चिमेला जाणाऱ्या विमानाने नुसतं हवेत तरंगत राहावं, लंडन आपोआप खाली येईल. मग येतानाच उलटा जास्त वेळ का लागतो?

घड्याळजी

हा प्रश्न भाबडा नाही, फार जुना आहे. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हाच ते पृथ्वीबरोबर फिरत असतं. टोकियोच्या अक्षांशावर तो वेग ताशी साडेतेराशे किमी आहे. हवाही बरोबरच फिरते. विमान उडलं म्हणून तो वेग कुठे जात नाही. धावत्या गाडीच्या डब्यात उडी मारली तर माणूस मागच्या डब्यात पडत नाही, तसंच.

चहाटळ

मागच्या डब्यात नाही, पण शेजाऱ्याच्या मांडीवर पडलोय एकदा. असो. मग येताना जास्त वेळ का?

वातकुक्कुट

वाऱ्यामुळे, आणि या जोडीत वाऱ्याची गोष्ट फार रंगतदार आहे, कारण ती टोकियोच्या जवळच सुरू होते.

विमानं ज्या उंचीवर उडतात, साधारण ९ ते १२ किमी, तिथे मध्य अक्षांशांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद पण प्रचंड जोराचे वारे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची उबदार हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकातून ते तयार होतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतात. (म्हणजे चहाटळ, पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो, पण तुम्ही म्हणता त्याच्या बरोबर उलटा.) हिवाळ्यात हा तापमानफरक वाढतो, वारेही वाढतात, आणि जपानवर ते जगातल्या सर्वांत जोरदार वाऱ्यांत मोडतात. ताशी ३०० किमीच्या पुढेही जातात.

१९२० च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेचे प्रमुख वासाबुरो ओइशी हवेत फुगे सोडून दुर्बिणीने त्यांचा माग घेत असत. त्यांना वरच्या थरात ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरातले वारे सापडले. शोध मोठा होता. जगभर सगळ्यांना वाचता यावा म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला! सगळ्यांची म्हणून बनवलेली ती भाषा, त्यामुळे तो कोणीच वाचला नाही. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ विमानं जपानवर खूप उंचावरून बॉम्ब टाकायला आली, तेव्हा त्या वाऱ्यांनी त्यांचे नेम चुकायला लागले. तिकडच्या लोकांना हे वारे तेव्हा नीट कळले.

आता लंडनहून टोकियोला खालच्या वाटेने जाताना हा वारा पाठीशी असतो. त्यामुळे वाट ११ हजारांची असूनही वेळ बेताचा लागतो. परत येताना तीच वाट धरली तर हा वारा छातीवर. म्हणून परतीची बरीच विमानं वरून, अलास्का-ग्रीनलंडच्या वाटेने जातात. ती वाट लांब, पण निघतानाचा बराच वेळ विमान ईशान्येला जातं, म्हणजे तिथेही वारा मदतीलाच. टोकियोहून लंडनला जायला पूर्वेकडे तोंड करून निघायचं!

कोपऱ्यातला

थांबा थांबा. लंडनहून पूर्वेला निघालो तरी टोकियो, आणि टोकियोहून पूर्वेला निघालो तरी लंडन? म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणाच की.

वातकुक्कुट

अगदी तीच. दोन्ही वेळा वारा पाठीला घेऊन.

सरळमार्गी

पण वारा जाताना जेवढा वाचवतो तेवढाच येताना खातो ना? म्हणजे एकाच वाटेने गेलो-आलो तर सरासरी तीच राहील.

घड्याळजी

वाटतं तसं, पण नाही राहत. सोपे आकडे घेऊ. अंतर ९६००, विमानाचा वेग ९००, वारा १००. वारा नसता तर एका वेळेला १० तास ४० मिनिटं, दोन्ही मिळून २१ तास २०. वारा पाठीशी असताना १००० ने ९ तास ३६ मिनिटं. समोर असताना ८०० ने १२ तास. बेरीज २१ तास ३६. वाऱ्याने सोळा मिनिटं लाटली.

कारण उघड आहे. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तो जास्त वेळ त्रास देतो. पाठीचा वारा कामाचा असतो पण लवकर संपतो. ही सोळा मिनिटं कुठल्याच दिशेला परत मिळत नाहीत. माझी वरची सरासरीची युक्ती घड्याळापुरतीच खरी, वाऱ्यापुरती नाही, हे कबूल करून टाकतो.

जुनं_वेळापत्रक

धागा वाचतोय आणि हात शिवशिवताहेत. या दोन शहरांचा इतिहास आणल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. लांबण लागली तर सोडून द्या.

एप्रिल १९३७. टोकियोचं असाही वृत्तपत्र मित्सुबिशीचं एक छोटं विमान लंडनला पाठवतं. निमित्त, राजा सहावा जॉर्ज याचा राज्याभिषेक. विमानाचं नाव कामिकाझे, म्हणजे दैवी वारा. युद्धातला तो भयंकर अर्थ या शब्दाला अजून चिकटायचा होता. वैमानिक इइनुमा, वाट दाखवणारे त्सुकागोशी. तैपेई, हनोई, कलकत्ता, कराची, बगदाद, अथेन्स, रोम, पॅरिस असं उतरत उतरत ते लंडनला पोचले. एकूण ९४ तासांहून थोडं जास्त, त्यातले हवेत ५१ तास. उडालेलं अंतर १५,३५७ किमी. दोऱ्याच्या वाटेपेक्षा जवळजवळ ५८०० किमी जास्त, कारण छोट्या विमानाला इंधन जिथे मिळेल तिथूनच जावं लागतं. त्यांना कोणी "अंतर किती?" विचारलं असतं तर ९५६० हा आकडा त्यांनी हसण्यावारी नेला असता.

१९५३ मध्ये ब्रिटनची कॉमेट जेट विमानं लंडन-टोकियो जाऊ लागली. ठिकठिकाणी उतरत दीड दिवस, तोही चमत्कार वाटायचा.

२४ फेब्रुवारी १९५७ ला स्कँडिनेव्हियन कंपनीने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवाकडून, अलास्कातल्या अँकरेजला उतरून टोकियोला सेवा सुरू केली. तिथे चुंबकीय होकायंत्र भरवशाचं राहत नाही, म्हणून खास जायरोस्कोप (चाक फिरतं ठेवून दिशा धरून राहणारी यंत्रं) बनवून घ्यावे लागले. मग पुढची कित्येक वर्षं युरोप-जपान म्हटलं की अँकरेज. कारण तेच, सोव्हिएत संघाचं आकाश बंद. १९७० पासून मॉस्कोला उतरून जायची मुभा मिळाली, तीही परवानगी आणि पैसे मोजून.

१९८३ मध्ये फिनलंडच्या कंपनीने हेलसिंकीहून थेट टोकियोला न थांबता उड्डाण सुरू केलं. रशियाला वळसा, ध्रुवावरून, तेराएक तास. पुढे आकाश उघडलं आणि तेच अंतर साडेनऊ तासांवर आलं. २०२२ नंतर पुन्हा ध्रुवावरून, पुन्हा तेरा तास. ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र १९८३ मध्ये प्रवाशांना द्यायचे, ते पुन्हा द्यायला लागले.

त्याच १९८३ च्या १ सप्टेंबरला अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन विमान वाट सोडून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. आकाशातली हद्द म्हणजे काय हे त्या रात्रीनंतर सगळ्यांना कळलं. उपग्रहांवरून जागा सांगणारी यंत्रणा नागरी विमानांना खुली करण्याची घोषणा अमेरिकेने त्यानंतर केली.

खिडकीपाशी

ही लांबण अशीच लावत जा.

अँकरेजबद्दल वडिलांकडून ऐकलं होतं, पण ते तिथे इंधनासाठी थांबत आणि काचेमागे एक भलंमोठं पेंढा भरलेलं अस्वल होतं एवढंच त्यांच्या लक्षात राहिलेलं.

चहाटळ

मग आताही ध्रुवावरून सरळ का नाही जात सगळे? पृथ्वीच्या टोकावरून जवळ पडेल.

पुशबॅक

हेलसिंकीहून ध्रुव वाटेत पडतो, लंडनहून तितका नाही. आणि तिथे उडायचं तर वाटेत काही बिघडलं तर उतरायची जागा हवी. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यावर ठराविक मिनिटांत पोचता येईल असा विमानतळ हाताशी ठेवावा लागतो. शिवाय थंडी. विमानाचं इंधन उणे ४७ अंशांच्या आसपास गोठायला लागतं (अमेरिकेत मिळणारं तर उणे ४० लाच), त्यामुळे टाकीचं तापमान बघत बसावं लागतं, जास्त उतरलं तर खाली यायचं किंवा वेग वाढवायचा.

आणि दोन तास जास्त उडायचं म्हणजे दोन तासांचंच जास्त इंधन, असं नसतं. ते जास्तीचं इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. काही वेळा त्यापायी मालाचं वजन कमी करावं लागतं. हे तिकिटावर दिसत नाही.

सरळमार्गी

एवढं सगळं असेल तर दोऱ्याचं अंतर शिकवायचंच कशाला? त्या वाटेने कोणीच जात नाही.

नकाशेबाज

पृथ्वी तेवढी आहे म्हणून. १९३७ चे १५,३५७, तुमच्या पट्टीचे ११,३००, आजची खालची ११ हजारांवरची वाट, यातली कुठली किती लांब पडली हे कशाच्या तुलनेत सांगणार? माझा तर आग्रह आहे की दोऱ्याचं अंतर लिहावंच, फक्त त्याला प्रवासाचं अंतर म्हणू नये.

कोपऱ्यातला

उशिरा येतोय, माफ करा. प्रकल्प देऊन झाला. एका चौकटीत मावेना म्हणून भाचीने चौकटीच्या पोटात चार चौकटी आखल्या. दोऱ्याचं अंतर ९५६०, २०२२ च्या आधी सुमारे १२ तास, आता जाताना १४, येताना साडेचौदा. वेगाच्या रकान्यात तिने काहीच लिहिलं नाही, बाण काढून "वारा कुठला?" एवढंच. बाईंनी तिथे लाल शाईने प्रश्नचिन्ह केलंय, ते गुण कापण्यासाठी की कुतूहलाने हे अजून कळायचंय.

तिची शेवटची शंका उरलीय. विमान मंगळवारी रात्री १ ला टोकियोहून निघालं आणि मंगळवारीच सकाळी लंडनला उतरलं. पण अलास्कावरून गेलं तर मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा लागली. ती पूर्वेकडे ओलांडली की एक दिवस मागे जातात, असं पुस्तकात आहे. मग उतरले तेव्हा सोमवार हवा ना?

घड्याळजी

उतरायच्या आधी सोमवार होताच की! निघाले तेव्हा टोकियोत मंगळवार, रात्रीचा १. पाचेक तासांनी अलास्काच्या जवळ पोचले, तिथल्या घड्याळात सोमवारचे दुपारचे १२. मग कॅनडा, ग्रीनलंड करत पूर्वेकडे सरकताना एकेक तास पुढे, सोमवारची संध्याकाळ झाली, रात्र झाली, अटलांटिकवर मध्यरात्र उलटली, आणि लंडनला मंगळवारची सकाळ.

चहाटळ

म्हणजे साडेचौदा तासांत मंगळवार, सोमवार, मंगळवार. आणि त्या सोमवारी दुपारी खिडकीबाहेर ऊन?

खिडकीपाशी

हिवाळ्यात नुसता उजेड, सूर्य क्षितिजाला टेकलेला. मी झडप उघडून बघितलं तर हवाई सुंदरी येऊन हळूच म्हणाली, लोक झोपलेत, बंद करा. सोमवार दुपार होती हो.

कोपऱ्यातला

भाचीला वाचून दाखवलं. ती आता विचारतेय, त्या सोमवारी शाळा असते का.